अनोळखी उपकरण

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले असताना, मी आमच्या घराचे पुढचे दार एका सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर लावून घेतले. आदळले नाही, नुसते लोटले आणि आतून कडी घातली. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर वही होती, हातात मोबाइल होता. ‘काय रे, रोज दुपारी इथे काय करतोस?’ असे मी विचारले, तेव्हा तो चटकन उभा राहिला आणि म्हणाला, ‘काही नाही काकू, अभ्यास करून राहिलो.’ त्यावर मी म्हटले, ‘अभ्यास घरी बसून करावा. आणि नेट ज्याने त्याने आपापले वापरावे.’ त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही तरी उमटले. चोरी पकडली गेल्याची ती खूण आहे, असे मला त्या वेळी वाटले. ‘बरं काकू,’ एवढे म्हणून त्याने वही उचलली आणि तो वर निघून गेला. संध्याकाळी दार उघडले तेव्हा पायरीवर त्याचा निळा पेन पडलेला होता. तो मी आत आणून फ्रिजवर ठेवला, आणि पुढचे चार दिवस दूध काढताना, पाण्याची बाटली ठेवताना तो पेन मला दिसत राहिला.

असे बोलण्याइतके कारण आपल्याकडे आहे, याची मला तेव्हा खात्री होती. एप्रिलपासून घरातील वाय-फाय मंदावले होते. पुण्याहून मुलगी व्हिडिओ कॉल करी तेव्हा तिचा चेहरा मध्येच थिजून जाई, आवाज पुढे निघून जाई, आणि ‘आई, ऐकू येतंय का?’ यापलीकडे बोलणे सरकत नसे. ज्याच्याकडून जोडणी घेतली त्या नेटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘मॅडम, लाइन बरोबर आहे. तुमच्याकडे युजर वाढले असतील.’ घरात बाबा आणि मी, दोघेच, वाढणार कोण? शेवटी मुलीने दिवाळीत माझ्या मोबाइलवर बसवून दिलेले राउटरचे अॅप मी पहिल्यांदा उघडून पाहिले. जोडलेल्या उपकरणांची यादी त्यात दिसते. आईचा फोन, टीव्ही, लॅपटॉप, बाबांचा फोन, असे सगळे तिने नावानिशी लिहून ठेवले होते. बाबांच्या फोनचे नाव फिकट दिसत होते, म्हणजे तो जोडलेला नव्हता. दुपारची वेळ आहे, झोपले असतील, असे मी मनात म्हटले. आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती : अनोळखी उपकरण. पुढचे तीन दिवस मी पाळत ठेवली. ते उपकरण दोनच्या सुमारास यादीत उगवे आणि चारला मावळे. वरच्या बिऱ्हाडातील मुलगा जिन्यावर येऊन बसण्याची वेळही नेमकी तीच होती.

आमचे घर नागपूरच्या प्रतापनगरातले, जुने, दुमजली. फायबरची तार मागच्या गल्लीतल्या खांबावरून आली, म्हणून नेटवाल्याने राउटर मागच्या गॅलरीतल्या भिंतीवर ठोकून दिला. त्याच गॅलरीत, बाबांच्या खोलीच्या खिडकीला लागून, होळी झाली की कूलर उभा राहतो : माणसाच्या छातीएवढा, पत्र्याचा, तीन बाजूंना खसच्या ताट्या. नव्या ताट्यांवरून पहिले पाणी उतरते तेव्हाचा वास घरभर पसरतो, आणि उन्हाळा सुरू झाल्याचे दुःख तेवढ्यापुरते विसरायला होते. कूलरची हवा बाबांच्या खोलीतून बैठकीत येते आणि बैठकीतून पुढच्या दाराने बाहेर पडते. तिला बाहेर पडायला वाट ठेवावीच लागते, नाही तर खोल्या गार होण्याऐवजी नुसत्या दमट होतात. म्हणून आमच्या दाराला साखळी आहे, आणि मे महिनाभर ते दुपारी वीतभर उघडे असते. त्या दिवशी मी कडी घातली आणि अर्ध्या तासात घर चिकट झाले. बाबा दोनदा कुशीवर वळले. मी मात्र दार उघडले नाही.

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी इतवारीतल्या कार्यालयात काढली, आणि तिथल्या ज्या खिडकीवर ते बसत तिथे मनीऑर्डरींच्या बरोबरीने रेडिओची लायसन्सेही नव्याने करून दिली जात. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याखाली घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे. त्याचे पासबुकासारखे छोटे पुस्तक असे, त्यात दरवर्षी शुल्काची तिकिटे चिकटवून वर शिक्का मारायचा. आमचे ते पुस्तक बाबांनी अजून कपाटात जपून ठेवले आहे. लहानपणी आम्ही नागपुरातच, महाल भागात राहत होतो. बिनापरवान्याचे रेडिओ शोधणारा निरीक्षक गल्लीत आला की छपरावरची जाळीची एरियल गुंडाळण्याची धावपळ होई, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तेवढेच स्पष्ट मला हेही आठवते की, क्रिकेटचे धावते समालोचन असले की बाबा आमचा रेडिओ खिडकीत आणून ठेवत आणि आवाज मोठा करत. ओट्यावर, समोरच्या पानठेल्यापाशी, सायकलवर एक पाय टेकवून, माणसे उभी राहून ऐकत. परवाना एका रेडिओला होता. किती कानांनी ऐकावे, हे त्या पुस्तकात कुठेच लिहिलेले नव्हते, आणि नियमाला काटेकोर असलेल्या बाबांनी ते कधी मोजले नाही.

वाय-फायही त्याच कायद्याच्या कक्षेत आले, हे मला अलीकडे कळले. आपल्याकडे वाय-फाय वापरते तो २.४ गिगाहर्ट्झ लहरींचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, म्हणून आज कोणतेही पुस्तक न बाळगता घराघरात एक छोटे प्रक्षेपण केंद्र चालू असते. राउटर फक्त ऐकवणारा नाही, ऐकणाराही आहे, हा रेडिओपेक्षा त्याचा मोठा फरक. या पट्ट्यातल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास. विटांच्या भिंतीतून ती पार जाते, जरा अशक्त होते, पण जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर तिच्या निम्म्याहून आखूड असते, जास्त सामान वाहते आणि भिंतीपाशी लवकर दमते. आपण ज्याला आपल्या घरचे नेट म्हणतो ते घराच्या हद्दीपाशी थांबत नाही; ते जिन्यावर असते, फाटकाबाहेर असते, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर असते. तिथे कोणी ते पकडू शकतो, हे वाटणे खोटे नव्हते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका परदेशी गृहस्थाच्या वाय-फायवरून गेला होता, ही बातमी मी तेव्हा वाचली होती. त्यांच्या जोडणीला कुलूप नव्हते, आणि पोलीस आधी त्यांच्याच दाराशी गेले. ते मनात कुठे तरी राहून गेले होते. म्हणून त्या मुलाकडे पाहताना मला फुकटचे नेट वापरणारा पोर दिसत होता आणि त्याच्या मागे आणखी काही तरी, ज्याला चेहरा नव्हता.

दार लावल्यावर तो जिन्यावर यायचा बंद झाला. यादीतले अनोळखी उपकरण मात्र दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा हजर. वरच्या वळणावर बसत असेल, असे मी ठरवून टाकले. लहर तिथेही पोचतेच. अॅपमध्ये त्या ओळीवर बोट ठेवले की ‘या उपकरणाला थांबवा’ असा पर्याय येतो. मी तो दाबला. ओळ लाल झाली. कबूल करायला हवे की, त्या क्षणी मला बरे वाटले. मी वरच्या मजल्यावरून काही चाहूल लागते का, म्हणून कान देऊन उभी राहिले. वर कोणी हलले नाही. आवाज आला तो आतल्या खोलीतून.

‘अगं, रेडिओ बंद पडला वाटते.’

बाबा पलंगावर उठून बसले होते. कानात इयरफोन, हातात मोबाइल, चेहऱ्यावर गोंधळ. कूलरच्या आवाजात टेबलावरचा ट्रान्झिस्टर ऐकू येत नाही, म्हणून ते दुपारी आकाशवाणीचे अॅप लावून पडतात, हे मला माहीत नव्हते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाडव्याला नात आली होती, तिने फोन अडकतो म्हणून त्यातले सगळे पुसून तो नव्याने सुरू करून दिला आणि हे अॅपही शिकवून गेली. बॅटरी वाचावी म्हणून वाय-फाय ते एरवी बंदच ठेवतात. दोनला सुरू करायचे, चारला चहाच्या वेळी बंद. मी बैठकीत येऊन ती लाल ओळ पुन्हा मोकळी केली, आणि आत गाणे सुरू झाल्याचे त्यांच्या बोटांच्या ठेक्यावरून मला दिसले. रेडिओच्या परवान्यांवर शिक्के मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनाच मी चोरून ऐकणारा समजून बंद पाडले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मी हे सगळे समजून घ्यायला बसले. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून एक कायमचा पत्ता मिळतो, बारा आकडे-अक्षरांचा, आणि राउटर त्यावरून उपकरण ओळखतो. पण तोच पत्ता जागोजागी सांगत फिरले तर दुकानदाराला, स्थानकाला, कोणालाही माणसाचा माग काढता येतो. म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या, आयफोनवरच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला एक वेगळा, स्वतः रचलेला पत्ता सांगू लागले. नातीने फोन पुसला, तेव्हा बाबांच्या फोनने नवा पत्ता रचला आणि राउटरने त्यांना ओळखले नाही. हे ताडून पाहण्याची एक साधी खूण आहे, ती मला कोणी आधी सांगितली असती तर! पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो रचलेला पत्ता असतो. मी यादी पुन्हा उघडली. त्या ओळीखाली बारीक अक्षरांत पत्ता होताच, तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याचे दुसरे अक्षर ‘ए’ होते.

मग वाटले, एवढे पाहिलेच आहे तर दार नक्की कसे आहे तेही पाहावे. इतके दिवस मी पासवर्ड म्हणजे वाय-फायचा पासवर्ड, एवढेच समजत होते. राउटरला दोन किल्ल्या असतात. एक घरात शिरण्याची, जी आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरी खुद्द राउटरच्या आत शिरण्याची, जिथून पहिली किल्लीसुद्धा बदलता येते, आणि तिची आठवण कोणालाच नसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे लिहिले की राउटरचे पान उघडते. हे पत्ते १९९६ साली खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले, त्यामुळे तोच आकडा आमच्याकडे, इतवारीत आणि मुलीच्या पुण्यातल्या खोलीतही असू शकतो, जशी प्रत्येक घरात मागची खोली असते. पानाने नाव विचारले. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर होते तसे ‘अॅडमिन’ लिहिले. पासवर्ड विचारला, तोही ‘अॅडमिन’. पान उघडले. दोन वर्षे ते तसेच होते. रात्री साडेअकराला, कूलरच्या घरघरीत, मी तिथे एकटी बसले होते आणि माझ्या छातीत धडधडत होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका विषाणूने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच्याकडे शस्त्र होते ते कारखान्यातून येणाऱ्या अशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांचे. तो दारोदार जाऊन त्याच जोड्या लावून पाहत असे. आत येऊन कोणी काय करेल, हे मला बाबांच्या भाषेत सगळ्यांत चांगले कळले. सकाळी त्यांना सांगितले की, राउटर कोणत्या वेबसाइटचे नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे हे ज्याला विचारतो, तो माणूसच या पानावरून बदलता येतो. ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे सॉर्टिंगवरचा फितला.’ पाकिटावर पत्ता बरोबर असतो, तिकीटही असते, आणि तरी पत्र भलत्याच खणात पडते. बँकेचा पत्ता अचूक लिहूनही बनावट पान समोर येऊ शकते. ब्राउझर सहसा धोक्याची सूचना देतो, पण ती वाचायला माणूस थांबला पाहिजे.

एकदा पाहायला लागल्यावर एकेक उघडे निघत गेले. वाय-फायचा पासवर्ड म्हणून नेटवाल्याने बाबांचा मोबाइल नंबर टाकला होता. लक्षात राहतो, म्हणून आम्हीही खूश होतो. राउटर पासवर्ड जसाच्या तसा वापरत नाही, तो जाळ्याच्या नावाबरोबर ४,०९६ वेळा घुसळून त्यातून किल्ली काढतो. पण फोन आणि राउटर यांची पहिली ओळखपाळख होते ती हवेतून टिपून घेतली, तर पुढचे अंदाज आपल्या घरी बसून लावता येतात. सहा ते नऊपैकी एकाने सुरू होणारे दहा आकडी नंबर फार तर ४०० कोटी. खेळांसाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासते, म्हणजे हे काम काही तासांचे. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द ओळीने लिहिले तरी ही गिरणी थकून जाते. मी तसे केले, आणि ते शब्द बाबांनी सुचवले. मग कुलपाचा, म्हणजे वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीचा, प्रकार पाहिला. १९९७ चा पहिला प्रकार चारच वर्षांत फुटला, त्यानंतर २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. आमच्या राउटरला तिसरा येत नव्हता, दुसरा होता आणि तो एईएस या भक्कम सांकेतिक पद्धतीसह ठेवला. मग डब्ल्यूपीएस. बटण दाबून जोडून घ्यायची ही सोय आठ आकडी पिननेही चालते, आणि आठ आकडे ऐकून बरे वाटते. पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा निव्वळ ताळा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी पुरतात फक्त ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झाले आहे. आमच्याकडे ती सोय चालू होती. ती बंद केली, बाहेरून राउटर चालवण्याची परवानगी बंद केली, आणि घेतल्यापासून कधीच न घेतलेले अपडेट घेतले. पाच मिनिटे लाल दिवा लुकलुकत राहिला आणि बाबा व मी दोघेही त्याच्याकडे टक लावून उभे होतो.

नेट मंद का झाले, याचे उत्तर त्याच गॅलरीत उभे होते. राउटर आणि खोल्या यांच्या मध्ये एप्रिलपासून छातीएवढा पत्रा आला होता आणि त्याला भिजलेल्या खसच्या ताट्या होत्या. पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषते. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच लहरींनी पाणी तापवून अन्न शिजवतो. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांच्या गॅलरीत राउटरचा डबा दिवसभर भाजत होता. तारेचे वेटोळे भिंतीवर मोकळे होतेच. नेटवाल्याच्या माणसाने राउटर बैठकीतल्या फळीवर आणून दिला. संध्याकाळी मुलीचा चेहरा हलता दिसला आणि ती म्हणाली, ‘आई, आज काय केलंस?’ मी तिला राउटरचे सगळे सांगितले. मुलाचे सांगितले नाही.

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे देता येते. त्यावर येणाऱ्याला इंटरनेट मिळते, पण घरातला लॅपटॉप, टीव्ही, आपसांतले काही दिसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात फाटकाबाहेर रांजण भरून ठेवतात, वर झाकण आणि दांड्याचा पेला. कोणी यावे, पाणी प्यावे, स्वयंपाकघरात येण्याची गरज नसते. मी ते जाळे सुरू केले, त्याला वेगळा पासवर्ड दिला, दोन्ही एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहिले, फ्रिजवरचा निळा पेन घेतला आणि दुपारी अडीच वाजता वर गेले. आमचेच घर, पण उन्हाळ्यात त्या वेळी मी तिथे कधी गेले नव्हते. दार उघडताच भट्टीचे तोंड उघडल्यासारखी झळ आली. स्लॅब तापून खोलीत उतरला होता. खिडकीत कूलर होता आणि बंद होता. त्याची आई म्हणाली, ‘ताई, टाकीचं पाणीच उकळून राहिलं, कूलर लावला तर वाफ येते. बसा नं.’ तो फरशीवर ओला पंचा डोक्याला गुंडाळून बसला होता. मला पाहताच पुन्हा तसाच चटकन उभा राहिला. मी पेन दिला, कागद दिला, आणि त्या दिवशी मी चुकीचे बोलले, एवढे वाक्य कसेबसे पूर्ण केले. त्याने कागद वाचला, दोनदा वाचला, आणि संकोचाने माझ्याकडे पाहिले.

‘काकू, नेट तर आहे माझ्या फोनमध्ये,’ तो म्हणाला. ‘रोजचं मिळते ते संपतच नाही. तिथं तुमच्या दारातून कूलरची हवा येते नं, म्हणून बसत होतो.’

दुसऱ्या दिवशी दोनला मी साखळी काढली, दार अर्धे उघडले आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून खाली वरवंटा लावला. खोलीत बाबांचा रेडिओ सुरू झाला. माझ्या यादीत सगळी नावे ओळखीची होती. अडीचपर्यंत जिन्यावर कोणी आले नव्हते, आणि मी बैठकीतल्या खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसले होते.